आखाड्यावरचं खाकरणं

एखादी वस्तू नीट चालत असली की आमच्या ह्यांना करमत नाही. लग्न होऊन मी परभणीहून या गावात आले, तेव्हा माहेरून आणलेलं गजराचं घड्याळ ह्यांनी पहिल्याच महिन्यात उघडलं. "चालतंय की ते," मी म्हटलं. "चालतंय व्हय, पण कसं चालतंय ते बघायला नको?" बघून झालं. त्यानंतर ते घड्याळ काही वेळ दाखवेना, पण गजर मात्र त्याच्या मनाला येईल तेव्हा, आणि बहुधा पाहुणे जेवायला बसले की, वाजायचा.

राणीसावरगावच्या बाजारात ह्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. आमचं गाव तिथून सायकलनं जाण्यायेण्यासारखं. शेतीचं सगळं मामंजी, म्हणजे माझे सासरे बघायचे. ते गावातल्या घरी कमी आणि ओढ्यापलीकडच्या आखाड्यावरच जास्त असायचे. आखाडा म्हणजे शेतातली बैलांची, कडब्याची आणि माणसाच्या बाजेची जागा. पत्र्याची एक खोली, समोर चिंच, बाजूला विहीर. गावातलं घर मामंजींना पाहुण्याच्या घरासारखं वाटायचं. सणाला यायचे, दारापुढच्या वसरीवर टेकायचे, जेवायचे आणि बैल एकटे आहेत म्हणून उठायचे.

मी नवी असताना मला एका गोष्टीची फार धास्ती बसली होती. मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकमेकांशी बोलायचेच नाहीत. अक्षरशः एक शब्द नाही. मामंजी घरात यायच्या आधी दारात खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की आत्याबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या. ठेवताना बांगड्या जरा जास्तच वाजायच्या. मग मामंजी माझ्याकडं बघून म्हणायचे, "पोरी, म्हणावं भाकरी झाल्या असतील तर वाढा." आत्याबाई तिथंच, हातभर अंतरावर उभ्या. त्याही माझ्याकडंच बघून म्हणायच्या, "म्हणावं हातपाय धुवा, वाढायलेय." मी मध्ये उभी. कुणाचं काय कुणाला म्हणावं तेच कळेना. मला वाटलं, ह्यांच्यात मोठं भांडण झालंय आणि ते मिटवायची जबाबदारी आता नव्या सुनेवर आलीय.

एकदा धीर करून ह्यांना विचारलं. हे हसायलाच लागले. "भांडण कशाचं? त्यांचं असंच हाय. मी जन्मलो तवापासून बघायलोय." जुन्या माणसांत चारचौघांसमोर नवराबायकोनं बोलायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं, पण आपल्याच पोरासमोर आणि सुनेसमोरही नाही? मीसुद्धा ह्यांचं नाव घेत नाही, उखाण्यात घ्यावं लागलं तेवढंच. पण बोलते मात्र भरपूर. त्याबद्दल ह्यांची तक्रार आहे.

आत्याबाईंचा दिवस सगळा आखाड्यावर जायचा. सकाळी भाकरी बांधून निघायच्या, त्या दिवेलागणीनंतर परतायच्या. संध्याकाळी तिथंच चूल मांडून मामंजींना वाढायच्या, मग आपण जेवायच्या आणि मग ओढा ओलांडून घरी. रानात राबून आलेल्या बाईच्या तोंडावर थकवा दिसावा, तर ह्या जत्रेतून आल्यासारख्या यायच्या. मला मोठं नवल वाटायचं.

मग त्यांचे गुडघे गेले. एकदम नाही गेले. आधी ओढ्याचा चढ नको झाला, मग उंबरा नको झाला. गंगाखेडच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले आणि चालणं बंद करायला सांगितलं. बैलगाडीतून नेऊन बघितलं एकदा. ओढ्यातल्या दगडगोट्यांवर गाडी अशी हिंदळली की आखाडा येईपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला. परत आल्यावर कितीतरी दिवस बाजेवरून उठता आलं नाही. "आता मला गाडीत घालू नगा," त्या म्हणाल्या. "बैलाला बी बेजार अन मला बी."

तेव्हापासून त्या घरात, आणि मामंजी आखाड्यावर. संध्याकाळी दुकानातून आले की हे डबा घेऊन आखाड्यावर जायचे आणि मामंजी विहिरीवर किंवा वैरणीत गुंतलेले असायचे म्हणून डबा बाजेवर ठेवून परतायचे. दारात सायकल लागली की आत्याबाई रोज एकच विचारायच्या, "डबा दिलास का?" हे म्हणायचे, "दिला की." मग मी ताट वाढायला घेतलं की त्या म्हणायच्या, "सांजंला भूक न्हाई मला. तुमी जेवा."

सुरुवातीला आम्ही मनावर घेतलं नाही. बसून राहिलं की भूक मंदावते, असं मीच शहाणपणानं सांगितलं. पण हळूहळू त्यांचं अंग उतरत गेलं. दंडातली चोळी ढिली झाली. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जायला लागल्या. मी मुगाचं वरण करून बघितलं, दही लावलं, परभणीहून टॉनिकची बाटली मागवली. टॉनिक त्यांनी तुळशीला घातलं. तुळस काही त्यानं वाढली नाही आणि ह्यांच्या मायलाही गुण आला नाही. आत्याबाई वसरीमागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागल्या, आणि एवढा बडबड्या माणूस, पण हेही जेवताना गप्प बसायला लागले. माय आपली डोळ्यांदेखत चाललीय, ही भीती त्यांना बसली होती. मलाही बसली होती. फक्त मी ती भांडी आपटून व्यक्त करायची.

"तिचा जीव आखाड्यात हाय," हे एक दिवस म्हणाले. "ती तिकडं जाऊ शकत न्हाई. मग आखाडाच इकडं आणावा."

मला वाटलं, बैल घरात बांधणार. पण ह्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. आखाड्यावर एक यंत्र बसवायचं, त्यात बोललं की तारेशिवाय आवाज उडत यावा आणि घरातल्या रेडिओत निघावा. तसंच यंत्र घरात, आणि तसाच रेडिओ आखाड्यावर. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. मायनं हवं तेव्हा बैलांची घुंगरमाळ ऐकावी, दादांशी, म्हणजे मामंजींशी, दोन शब्द बोलावेत. तिला बरं वाटेल, अन्न जाईल.

"पोलीस धरून नेतील," मी म्हणाले. "बिनतारी यंत्राला परवाना लागतो."

"खेळणं हाय ते. ओढ्याच्या पुढं आवाज जायचा न्हाई."

सामान जमवण्यातच बरेच दिवस गेले. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. आज इथं बंद, उद्या तिथं, आणि बंद असला की गाड्या थांबायच्या. परभणीहून यायचा एखादा चिमूटभर सुटा भाग कुठल्यातरी स्टँडवर कुणाच्या तरी पिशवीत अडकून राहायचा. तोवर हे माझ्या स्वयंपाकघरात हिंडायला लागले. डालड्याचे दोन डबे गेले, कारण यंत्राला पत्र्याचं घर पाहिजे. साडीच्या खोक्याचं झाकण गेलं. माळवदावर कपडे वाळत घालायची माझी तार एरियल म्हणून दारातल्या कडुलिंबाला जाऊन बांधली गेली, आणि पुढं कित्येक दिवस आमच्या घरातलं धुणं गल्लीतल्या बाभळीच्या काट्यांवर वाळलं. मी बोलले, खूप बोलले. पण खरं सांगायचं तर ह्यांना रात्रंदिवस असं मायसाठी खपताना बघून मला ह्यांच्यावर जेवढा राग यायचा तेवढंच प्रेमही यायचं.

चाचणीच्या दिवशी हे आखाड्यावर गेले, मी रेडिओजवळ बसले. आत्याबाईंना उशी लावून बसवलं. खरखर, खरखर, आणि मग एकदम स्वच्छ, जणू खोलीतच उभे आहेत असा ह्यांचा आवाज: "माय! ये माय! ऐकू यायलंय का? दही खाल्लंस का?"

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. आत्याबाईंनी रेडिओच्या मागं वाकून बघितलं. मी आमच्याकडचं बटण दाबून सांगितलं, "येतंय! लय छान येतंय! दही खाल्लं नाही, तसंच आहे!"

सगळं झकास झालं होतं. फक्त एक गोष्ट ह्यांच्या हिशेबात नव्हती. डालड्याच्या डब्यातला आवाज रेडिओच्या काट्याच्या ठरावीक जागेवर थांबत नव्हता. गाण्याच्या मागून, बातम्यांच्या मागून, जिथं वाट मिळेल तिथून घुसत होता. सकाळी दूध घालायला आलेली बाई मला विचारते, "मग, म्हाताऱ्या बाईनं खाल्लं का दही?" चहाच्या हॉटेलात, किराणा दुकानात, समोरच्या घरात, आमच्या गल्लीत ज्याच्या घरी म्हणून रेडिओ होता त्यानं शेतीच्या कार्यक्रमाबरोबर आमचं दहीसुद्धा ऐकलं होतं. मी दोन दिवस डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडले.

ह्यांना त्याचं काही नव्हतं. यंत्र चालतंय ना, झालं. दुसऱ्या दिवशीपासून ते मामंजींच्या आणि आत्याबाईंच्या ताब्यात द्यायचं ठरलं. आणि त्या दिवसापासून यंत्र बंद पडलं.

म्हणजे असं. हे आखाड्यावरून बोलले की आवाज यायचा. मी घरातून बोलले की जायचा. पण मामंजींच्या हातात दिलं की इकडं शांतता, आत्याबाईंच्या हातात दिलं की तिकडं शांतता. ह्यांनी सेल बदलले. जोड पुन्हा सोल्डर केले. एरियल कडुलिंबावरून काढून हापशाजवळच्या खांबाला बांधली, मग परत कडुलिंबाला. जमिनीत लोखंडी पहार ठोकून तिला तार जोडली आणि रोज तिच्या मुळाशी पाणी घालायला मला लावलं. मी पहारेला पाणी घालते हे बघून समोरच्या बाईनं विचारलं, "ह्याला काय येणार हाय, वैनी?" मी म्हटलं, "नवरा बघू कधी शुद्धीवर येतो ते."

यातली खरी गंमत अशी की दोन्ही टोकांची माणसं यंत्र ठीक आहे असं सांगत होती.

"दादा, बोललात का?" हे आखाड्यावर विचारायचे.

"व्हय."

"काय बोललात?"

"जे बोलायचं ते."

मग सायकल हाणत घरी. "माय, आला का दादांचा आवाज?"

"आला."

"काय म्हणाले?"

"जे म्हणायचं ते."

हे डोक्याला हात लावून बसायचे. "दोघं मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायलेत," असा त्यांनी निष्कर्ष काढला. मग म्हणाले, दादांचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, तो यंत्राला पकडता येत नसेल. मग म्हणाले, अंगठ्यात जोर नाही, बटण पुरतं दबत नसेल. एके दिवशी बटणाची स्प्रिंगच बदलून टाकली. आणि इकडं ताटातलं अन्न तसंच राहत होतं. वर एक दिवस ह्यांनी सहज म्हणून सांगितलं की सकाळी दादांचा डबा परत आणतो तेव्हा त्यातही भाकरी उरलेली असते, आखाड्यावरचं कुत्रं मात्र लय माजलंय.

तेव्हा माझं डोकं फिरलं. "तुमचं ते खेळणं फेका त्या विहिरीत," मी म्हणाले. "दोन माणसं वाळत चाललीत आणि तुम्ही स्प्रिंगा बदलताय!" हे सायकल काढून निघून गेले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग कुणावर राग काढावा म्हणून मी रेडिओसमोर जाऊन बसले. म्हटलं बघूया तरी, काय येतंय आणि काय येत नाही.

दिवेलागणीची वेळ होती. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. रेडिओची खरखर चालली होती. ह्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं की समोरच्यानं बटण दाबलं की बोलण्याआधी खरखर एकदम खाली बसते. मी ती ऐकत राहिले, आणि एकाएकी ती खाली बसली. म्हणजे आखाड्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं. पुरतं दाबलं होतं. लांबून घुंगरमाळ ऐकू आली, कडबा चावल्याचा आवाज आला. मी कान देऊन बसले. आता बोलतील, आता बोलतील.

मामंजी खाकरले.

बस. एकदा खाकरले आणि थांबले. मी मागं वळून बघितलं तर आत्याबाई उठून बसल्या होत्या. डोक्यावर पदर पुढं ओढला होता आणि हात कोपऱ्यातल्या तांब्याकडं गेला होता. गुडघ्यांची आठवण झाली तशा थांबल्या. मग सरकत यंत्राजवळ आल्या, बटण दाबलं आणि दुसऱ्या हातातल्या ढिल्या बांगड्या त्या डालड्याच्या डब्याजवळ नेऊन एकदा वाजवल्या. बटण सोडलं. परत भिंतीकडं तोंड करून पडल्या.

मला हसावं की रडावं कळेना. यंत्र चालत होतं. पहिल्या दिवसापासून चालत होतं. हे बिचारे शब्द शोधत होते, आणि ह्या दोघांचं जन्मभराचं बोलणं रोज संध्याकाळी त्यांच्या नाकासमोरून जात होतं.

हे घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी तिथंच खाली बसकण मारली. "खाकरत होते व्हय! मला वाटलं, दादांना खोकला झालाय. मी काढा नेऊन दिला तीनदा."

आम्ही दोघं इतके हसलो की आत्याबाईंनी आतून विचारलं, "काय झालं रं?" पण हसू ओसरल्यावर ताट होतं तिथंच होतं, वाढलेलं आणि न खाल्लेलं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्याबाई, यंत्र तर चांगलं आहे. मग नुसत्या बांगड्या कामून वाजवता? बोला की."

"बाई माजे! सारी गल्ली ऐकायलीय ते. हाटेलात बसलेले गडी ऐकायलेत. दही ऐकलं न्हाई का समद्यांनी? मी न्हाई बोलायची."

"पण तुम्ही तसंही बोलत नव्हताच ना कधी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अगदीच मूर्ख आहे. "इथं न्हाई बोलत. तिकडं बोलत हुतो की. तिकडं कोण असतंय? बैल."

एवढी वर्षं मी ह्या दोघांना मुकं समजत होते, आणि ही माणसं रोज दिवसभर त्या चिंचेखाली बोलत बसत होती. जत्रेतून आल्यासारखं ते तोंड आता मला उमगलं. गुडघ्यांनी त्यांचा आखाडा नेला नव्हता, बोलायचा माणूस नेला होता.

"काय बोलायचा हो एवढं?"

"तुला काय करायचंय?" असं म्हणून त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की गल्लीला एकदा चांगलं झाडायचं. माझा राग असा असतो, त्याला जायला कुठंतरी दार लागतं. दिवे लागायच्या वेळेला मी सरळ चहाच्या हॉटेलात गेले. बायका तिथं जात नाहीत, त्यामुळं मला बघून बाकड्यावरचे सगळे सावरून बसले. फळीवर रेडिओ गात होता. हॉटेलवाला किटलीतनं चहा गाळत होता.

"काय वैनी, काय पाहिजे?"

"मला सांगायचंय एक," मी सुरू केलं. "आमच्या घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं..."

तेवढ्यात गाण्याच्या मागून ओळखीचं खाकरणं आलं. आखाड्यावरचं. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हॉटेलवाल्यानं चहाचा हात तसाच धरून दुसऱ्या हातानं रेडिओचं बटण फिरवून बंद केलं. बाकड्यावरच्या कुणीही मान वर केली नाही. सगळे आपापल्या बशीत बघत राहिले, जसं मोठी माणसं समोरून आली की आपण नजर खाली घेतो तसं.

"हे... रोज करता तुम्ही?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, वैनी," हॉटेलवाला म्हणाला. "दह्याचं तेवढं ऐकलं, खोटं कामून बोलू. पण म्हाताऱ्याचं खाकरणं आलं की आमी बंद करतो. आपल्या मोठ्या माणसांचं ते. काय बोलतेत आमाला ठावूक न्हाई."

"ते काहीच बोलत नाहीत," मी म्हणाले.

"ते बी आमाला ठावूक न्हाई," तो म्हणाला आणि माझ्यासाठी एक चहा ओतायला लागला.

मी चहा न घेताच बाहेर पडले, कारण मला तिथं रडायचं नव्हतं. घराकडं चालत गेले तर किराणा दुकानातला रेडिओ बंद. समोरच्या घरातला बंद. आमच्या गल्लीत त्या वेळेला रेडिओचा एवढा कलकलाट असतो की शेजारणीला हाक मारायची तर घसा फाटतो, आणि आता पार कोपऱ्यावरच्या शेळ्यांच्या दावणीतला आवाज ऐकू येत होता. मी गल्लीला झाडायला निघाले होते. आता त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन पाया पडावंसं वाटत होतं. थोड्या वेळानं एकेक रेडिओ पुन्हा चालू झाला, मधूनच, गाण्याच्या अर्ध्यातून. बांगड्या वाजून झाल्या असणार.

म्हणजे ऐकणारं कुणीच नव्हतं. फक्त आत्याबाईंना ते माहीत नव्हतं, कारण त्या आतल्या खोलीत, आमच्या खरखरीजवळ असायच्या.

मी त्यांना सांगून बघितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "तुला बरं वाटावं म्हणून सांगायलेत ते." म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बाज, यंत्र आणि रेडिओ सगळं वसरीवर, गल्लीच्या तोंडाशी आणून मांडलं. हे दुकान लवकर बंद करून डबा न्यायला आले, तर वसरी बघून ओरडायलाच लागले. "एरियलची तार तिथवर पुरत न्हाई! जागेवरनं हलवलं कामून?"

"पुरवा," मी म्हणाले. "आणि आज डबा देऊन लगेच परतू नका. दादांच्या हातात यंत्र द्या आणि तुम्ही तिथून लांब जा. विहिरीकडं जा, बैलाला पाणी दाखवा, काहीही करा, पण ऐकू येईल इतक्या जवळ थांबू नका."

ह्यांनी एकदा वसरीकडं, एकदा गल्लीकडं बघितलं. मग त्यांना कळलं. तार कशी पुरवली ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीची साखळी गायब होती.

दिवे लागले. आत्याबाई बाजेवर बसून गल्लीकडं बघत होत्या. समोर रेडिओचा नेहमीचा कलकलाट. मी भाकरी थापून ठेवल्या होत्या, वांग्याची भाजी होती, ठेचा होता. खरखर खाली बसली. घुंगरमाळ वाजली. आणि मामंजी खाकरले.

हॉटेलातलं गाणं तुटलं. मग किराणा दुकानातलं. मग समोरच्या घरातलं, तिथल्या सुनेनं पिठाच्या हातानं येऊन बंद केलं ते आम्हाला दारातून दिसलंच. मग लांबचं, कोपऱ्यावरचं. एकेक करत सगळी गल्ली गप्प झाली. आत्याबाईंनी हात बांगड्यांकडं नेला होता, तो तसाच थांबला. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. दारं उघडी होती, पण कुणीही आमच्याकडं बघत नव्हतं.

घागर काठोकाठ भरलेली होती. ती मी अंगणात ओतली आणि रिकामी घेऊन हापशाकडं निघाले.

हापसा दाबत मी लांबून बघत होते. ऐकू येण्यासारखं अंतर नव्हतं आणि हापशाचा खडखडाटही मी मुद्दाम मोठा ठेवला. आत्याबाई पदर पुढं ओढून त्या डालड्याच्या डब्यावर वाकल्या होत्या. बटण दाबत होत्या, सोडत होत्या. मध्ये एकदा कपाळावर हात मारून घेतला. मध्ये एकदा कुणालातरी दटावल्यासारखं बोट नाचवलं. आखाड्यावर काय चाललं होतं ते ह्यांनाही ठाऊक नाही. ते तेव्हा विहिरीपलीकडं बैलांना दोनदा पाणी दाखवत होते, आणि बैल पिईनात म्हणून बैलांवर चिडत होते. माझी घागर भरली. मी ती परत ओतली आणि परत भरली. हापशावर आलेल्या बाईनं विचारलं नाही, तीही आपली घागर घेऊन उभी राहिली.

मग आत्याबाई डब्यापासून मागं सरकल्या, तसं हॉटेलातलं गाणं मधूनच सुरू झालं. त्यानंतर किराणा दुकानातलं. मी समजले की संपलं, आणि घागर कमरेवर घेऊन घरी आले.

आत्याबाई यंत्राजवळून सरकून बाजेच्या कडेला, चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. पदर आता मागं गेला होता. मी घागर खाली ठेवली. रोजच्यासारखं काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि तेवढं मला जमलं.

"तिकडं जेवाय बसलेत," त्या म्हणाल्या. "मला बी वाढ."

मी ताट घेतलं.